बोटांनी लावलेले चार बोल्ट

१

लाल गाडी गेली, ही बातमी रविवारी सकाळी पावणेनऊला गाडीशौकिनांच्या क्लबच्या ग्रुपवर पडली आणि नऊ वाजायच्या आत सत्तावीस जणांनी तिला श्रद्धांजली वाहिली. तुटलेले बदाम, जोडलेले हात, 'भावा, काय गाडी होती', सगळं रीतसर झालं. ती चालवणारा बद्रीनाथ शेवाळे तेव्हा हॉस्पिटलमध्ये बेशुद्ध पडला होता. त्याचा उल्लेख त्या ग्रुपवर पहिल्यांदा आला दुपारी दीड वाजता, तोही 'ड्रायव्हर सीरियस आहे म्हणे' एवढाच. मंगळवारी बद्रीनाथ गेला. त्या दिवशी ग्रुपवर टायरांची चर्चा चालू होती.

मैत्री ओव्हाळने विमा कंपनीकडून आलेले हे मेसेज पुढच्या सोमवारी वाचले आणि फोन पालथा ठेवला. ती मोटार विम्याची सर्व्हेअर. अपघात झालेल्या गाड्या तपासायच्या, कशाने काय मोडलं ते लिहायचं, हे काम ती चौदा वर्षं करत होती. तिचे वडील भीमराव खडकीच्या कारखान्यात फिटर होते. त्यांच्याकडून तिला दोन गोष्टी मिळाल्या: पाना धरायची समज, आणि तो न धरता बोलणाऱ्यांविषयी मनापासून तिटकारा. दुसरी गोष्ट या धंद्यात जास्त उपयोगी पडते, असं तिचं मत होतं.

विमा कंपनीतून श्रीनिवासरावांचा फोन आला. "मॅडम, सरळ केस आहे. दोन दारांची इम्पोर्टेड स्पोर्ट्स कार. बोपदेव घाटात उतारावर पुढचं उजवं चाक वाकडं झालं, गाडी कातळावर गेली. पाच दिवस आधी हडपसरच्या एका गॅरेजमध्ये त्याच चाकाचं काम झालं होतं. सरकारी तपासनिसांनी पाहिलंय, एक बोल्ट गायब आहे. गॅरेजवाला स्वतःच म्हणतो, माझी चूक झाली. शुक्रवारी त्याला अटक होणार. तुम्ही गुरुवारपर्यंत फक्त सही करा."

"फक्त सहीच हवी असेल तर शिक्का पाठवते. मी कशाला येऊ?" मैत्री म्हणाली, आणि अपघातातल्या गाड्या ठेवतात त्या फुरसुंगीच्या यार्डात गेली.

गाडी एका टेम्पोच्या शेजारी उभी होती. काय तिचा तो माज! पुढचा भाग चेपला होता तरी मागचा स्पॉयलरचा पंखा अजून ताठ होता. जमिनीपासून इतकी खाली, की मैत्रीला तिच्याकडे बघायलाही वाकावं लागलं. तिने क्रेनने पुढची बाजू उचलून घेतली आणि खाली शिरली.

चाकाला धरून ठेवणारा लोखंडी हात, म्हणजे लोअर आर्म, गाडीच्या सांगाड्याला दोन बोल्टांनी जोडलेला असतो. जोडाच्या जागी रबराचं बुश असतं. ते झिजलं की गाडी खड्ड्यात ठकठक वाजते. त्याच्या जोडीला दोन बाजूंना एकेक लिंक रॉड, वळणावर गाडी कलू नये म्हणून. या गाडीचे बुश आणि लिंक रॉड सगळे नवे होते. उजवीकडचा एक बोल्ट खरंच नव्हता.

तपासनीस तेवढं पाहून निघून गेला होता. गायब वस्तू दिसली की माणसाला वाटतं, तपास संपला. मैत्रीने शेजारच्या बोल्टला हात लावला. तो बोटांनी फिरला. ती डावीकडे गेली. तिथले दोन्हीही बोटांनी फिरले. मग तिने लिंक रॉडच्या चारही नटांना पाना लावला. त्यातला एकही तसूभर हलला नाही.

२

रामदास तुपेचं गॅरेज हडपसरला, मंडईच्या मागच्या गल्लीत. शटर अर्धं खाली होतं. आत पंचावन्न-छप्पन वर्षांचा एक रुंद खांद्यांचा माणूस टायरवर बसून होता. समोर त्याची सगळी हत्यारं पुसून ओळीने मांडलेली होती, जणू विकायला काढली होती.

मैत्रीने नाव सांगितलं, काम सांगितलं. तो उठलाही नाही.

"लिहा ताई. माझाच हात चुकला."

"काय चुकलं?"

"बोल्ट आवळायचा ऱ्हायला आसंल."

"'आसंल' म्हणजे? राहिला की नाही राहिला?"

रामदासने तळहात गुडघ्यांवर घासले. "मला आवळल्याचं आठवतंय. पर आजकाल मी किल्ल्या इसरतो, बीपीची गोळी इसरतो. त्या दिवशी मधीच घरनं फोन आला व्हता. मला आठवतंय त्याच्यावर काय भरोसा ठेवायचा? मानूस तर मेला ना! आन् कोन मेला, तर बद्री. तीस वर्सांचा दोस्त माझा. त्योच त्या सायबाला हितं घिऊन आला, त्योच खाली बसून मला बॅटरी दावत व्हता."

मैत्रीने असे रस्त्यावरचे मिस्त्री शेकड्यांनी पाहिले होते. त्यातले निम्मे हातोडीने बोल्ट बसवतात आणि वर गणपतीची शपथ घेतात, असा तिचा अनुभव होता. चूक नाकारणारा मिस्त्री तिला कळायचा. चूक मागून घेणारा हा पहिलाच भेटला, आणि त्याचा तिला जास्त राग आला. कबुलीजबाब देणारा माणूस तपास करणाऱ्याचं काम बिघडवून ठेवतो.

"एक नाही, चारही सैल होते. एक गळून पडला, तीन अजून बोटांनी फिरतात," ती म्हणाली.

रामदासचा चेहरा आणखी उतरला. "चारी? मंग चारी इसरलो."

"आणि लिंक रॉडच्या चार नटांतला एकही विसरला नाहीत. मोठा निवडक विसरभोळेपणा आहे तुमचा! बुशचे बोल्ट तुम्ही कसे आवळता, ते सांगा."

धंद्याचं विचारल्यावर तो जरा सरळ बसला. "चाकं हवेत लटकत असताना आवळायचं न्हाई. तसं आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर पिळल्यालंच ऱ्हातं, सा म्हैन्यात फाटतं. लिंक रॉडला तसं न्हाई, त्यो कसाबी आवळा. पर बुशचा बोल्ट, गाडी सोताच्या वजनावर हुबी आसतानाच." त्याने मागे बोट दाखवलं. जमिनीत छातीएवढा खोल खड्डा होता, वर दोन फळ्या. "म्हनून गाडी खड्ड्यावर घ्यायची. चाकं जमिनीवर, आपुन खाली."

मैत्री खड्ड्यापाशी गेली. आत उतरायची शिडी होती, कोपऱ्यात मोठा लांब दांड्याचा पाना होता. इथे उभ्याने, आरामात, चारही बोल्ट आवळता आले असते.

"तुपे, शुक्रवारपर्यंत कोणाला काही कबूल करू नका. मला त्रास होतो," असं म्हणून ती निघाली.

ती पुन्हा यार्डात गेली आणि दोन्ही लोअर आर्म तिने उतरवून घेतले. बुशच्या मधल्या नळीला दोन्ही टोकांना बारीक दाते असतात. बोल्ट पुरा आवळला की ते दाते सांगाड्याच्या पत्र्यात रुततात आणि ठसा उमटवतात. सैल राहिला तर काही उमटत नाही. तिने कापडाने पत्रा पुसला. कारखान्यातले जुने ठसे काळे, गंजलेले होते. त्यांच्या शेजारी नवे ठसे होते, चकाकणारे आणि खोल. चारही ठिकाणी.

रामदास काही विसरला नव्हता. त्याने चारही बोल्ट जीव लावून आवळले होते, आणि नंतर कोणीतरी ते पुन्हा उघडले होते.

३

गाडीचे मालक आमोद मेहेंदळे खराडीला चौदाव्या मजल्यावर बसत. कंपनी त्यांचीच. केबिन काचेची, म्हणजे साहेब काम करत नाहीत हे सगळ्यांना दिसायची सोय. टेबलावर लाल गाडीचं छोटं मॉडेल होतं आणि त्याच्यापुढे चक्क एक फूल ठेवलं होतं.

"टोटल लॉस धरून गाडीची पूर्ण किंमत देणार ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"बद्रीनाथ तुमच्याकडे किती वर्षं होते?"

"आठ? नऊ असतील. आईला विचारावं लागेल. व्हेरी लॉयल माणूस."

नऊ वर्षांच्या माणसाची किंमत 'व्हेरी लॉयल' या दोन शब्दांत उरकली. मैत्रीने वहीत ते जसंच्या तसं लिहिलं. "गाडी हडपसरला का दिलीत?"

"मोठ्या वर्कशॉपने पूर्ण आर्म बदलायला सांगितलं, सहा आठवडे. आणि रविवारी आमच्या क्लबची ब्रेकफास्ट मीट होती, घाटापलीकडे. गाडी वाजत घेऊन जाणार का मी? बद्री म्हणाला, माझ्या ओळखीचा मिस्त्री फक्त बुश आणि लिंक रॉड बदलून देईल. माझीच चूक, ऐकलं त्याचं."

"बद्रीनाथच घेऊन गेले गाडी?"

"छे! मी नेली. तो शेजारी बसला, रस्ता दाखवायला. या गाडीच्या स्टिअरिंगला माझ्याशिवाय कोणाचा हात लागत नाही, मॅडम. माझ्या बायकोलाही मी कधी दिली नाही. बद्री फक्त पुसायचा."

"मंगळवारी गाडी घरी आली. मग?"

"कव्हर घातलं. ते रविवारी सकाळी काढलं. मध्ये कोणी बोटही लावलं नाही."

"आणि रविवारी नऊ वर्षांत पहिल्यांदा बद्रीनाथच्या हातात स्टिअरिंग दिलंत."

आमोदरावांनी कपाळाला दोन बोटं लावली. "मायग्रेन. शनिवारपासून. डोळे उघडवत नव्हते. पण मीटला गाडी तर पोचायलाच हवी होती, लोक खास बघायला येणार होते. म्हटलं, बद्री आणेल. मी सौरभच्या गाडीतून गेलो. आमच्या क्लबचा टेक्निकल हेड तो."

मैत्रीने फोन काढला. ग्रुपवरचा रविवारी सव्वाआठचा फोटो तिने जपून ठेवला होता. मिसळीच्या ताटापुढे आमोद मेहेंदळे, उन्हात, काळा चष्मा कपाळावर सरकवलेला, तोंडभर हसू. शेजारी रिकामी झालेली तर्रीची वाटी.

"मायग्रेन लवकर उतरला," ती म्हणाली.

आमोदरावांनी मॉडेलची गाडी उचलली आणि तिच्या टपावरची नसलेली धूळ पुसू लागले.

४

सौरभ कर्वेनगरच्या एका कॅफेत भेटला. वय तिशीच्या आसपास, टी-शर्टवर पिस्टनचं चित्र, नखं मात्र स्वच्छ आणि कापलेली. तो लोकांना घरच्या घरी गाड्या दुरुस्त करायला शिकवणारा चॅनल चालवायचा. ऐंशी हजार लोक तो पाहतात, हे त्याने बसायच्या आधीच सांगितलं.

मैत्रीने मुद्दाम अडाण्याचं सोंग घेतलं. अशा माणसांना प्रश्न विचारून काही मिळत नाही; त्यांच्यापुढे विद्यार्थी होऊन बसलं की सगळं ओतून मोकळे होतात.

"मला हे बुश वगैरे नीट कळत नाही हो. चार बोल्ट सैल राहिले म्हणतात. इतकं अवघड असतं का ते?"

सौरभ खुलला. "मॅम, ॲक्च्युली हेच तर या लोकल मिस्त्री लोकांना माहीत नसतं. बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना फायनल टाइट करायचेच नसतात. हाताने लावून ठेवायचे, गाडी खाली घ्यायची, आणि मग लोडवर टॉर्क करायचा. बेसिक आहे. लिंक रॉड तुम्ही वरच टाइट करू शकता, त्याला इश्यू नाही."

"अय्या! म्हणजे ज्याला हा नियम माहीत आहे, तोच चार बोल्ट हाताने लावून ठेवेल, आणि लिंक रॉड मात्र पक्के करेल?"

"एक्झॅक्टली."

"आणि गाडी खाली घेतली की मग आवळायचे. सोपं आहे की."

"सोपं कुठलं! ही गाडी इतकी लो आहे ना मॅम, खाली घेतल्यावर हातच जात नाही आत. स्पॅनर फिरायला दोन बोटंसुद्धा जागा नाही. आम्ही किती..."

तो थांबला. कपातली कॉफी संपलेली होती, तरी त्याने ती प्यायली.

"तुम्ही किती काय?" मैत्रीने विचारलं. तिच्या आवाजातली विद्यार्थिनी आता निघून गेली होती.

"आय मीन, फोरमवर वाचलंय. लोक लिहितात तसं."

"बरोबर. वाचूनच तर तुम्ही शिकवता."

सौरभने बिल मागवलं. मैत्रीला त्याची काडीचीही दया आली नाही. आठ दिवस हा मुलगा सगळं माहीत असून ग्रुपवर टायरांबद्दल मतं देत होता. मात्र त्याला अडकवायला कॅफेतलं एक अर्धं वाक्य पुरलं नसतं. त्याने गाडीला हात लावला, हे पाहिलेला माणूस हवा होता.

५

मेहेंदळ्यांचा बंगला एरंडवण्यात. दार आमोदरावांच्या आईंनी उघडलं. मंदाकिनीबाई शहात्तर वर्षांच्या होत्या. शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी मैत्रीला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

"विम्याच्या का तुम्ही? आमोद नाही घरी."

"मला तुमच्याशीच बोलायचंय."

"गाडीबद्दल असेल तर मला त्यातलं काही कळत नाही. बद्रीबद्दल असेल तर या आत."

मैत्रीला गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी आवडलं.

आत गेल्यावर मंदाकिनीबाईंनी चहा विचारला नाही, बद्रीनाथबद्दल मात्र अर्धा तास सांगितलं. तो त्यांना दर महिन्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचा. बाहेर बसायला सांगितलं तरी आत येऊन थेंब कधी घालायचे ते स्वतः लिहून घ्यायचा. नऊ वर्षं आणि चार महिने. आकडा त्यांना पाठ होता.

"गाडीला मंगळवार ते रविवार कोणी हात लावला नाही, असं तुमचे चिरंजीव म्हणतात," मैत्री म्हणाली.

"हात? माझे पाट मोडले त्यांनी!"

"कसले पाट?"

म्हाताऱ्या बाई उठल्या आणि देवघराशेजारच्या खोलीतून एक पाट घेऊन आल्या. शिसवी, पितळी फुलांचा, जाडजूड. मधोमध उभा चिरला होता आणि चिरेवर गोल, काळा, तेलकट डाग होता. "आठ होते. माझ्या सासूबाईंचे. शुक्रवारी दुपारी मी पुतणीकडे गेले होते. सहा वाजता आले तर पोर्चमध्ये मोठमोठे दिवे लावलेले, तिकाटण्यावर कॅमेरा, आणि गाडीच्या चारी बाजूंना माझे पाट. बुटक्या गाडीखाली शिरणारा जॅक वर पुरत नव्हता म्हणे, म्हणून त्याच्या बशीवर पाट. दोन इंजिनिअर, आणि त्यांना एक लाकडाचा ठोकळा आणता आला नाही."

"दोघं म्हणजे कोण?"

"एक आमोद. दुसरा तो सौरभ. मी आले तेव्हा गाडी खाली घेतली होती आणि दोघं फरशीवर पालथे पडून तिच्याखाली हात घालत होते. सोफ्याखाली चेंडू गेल्यावर मुलं घालतात तसे. मी म्हटलं, काय हरवलंय? तर आमोद म्हणाला, काही नाही, राहू दे, नंतर बघू."

मैत्रीने पाट उजेडाकडे धरला. डागाचा घेर जॅकच्या बशीएवढा होता.

"त्याने काही झालं का?" मंदाकिनीबाईंनी विचारलं. त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं होतं. उत्तर त्यांना पाट आणायला गेल्या तेव्हाच सुटलं असावं, कारण त्या आता उभ्याउभ्याच भिंतीला टेकल्या.

६

बुधवारी संध्याकाळी मैत्रीने फौजदारांना बंगल्यावर बोलावलं. पोर्चमध्ये लाल गाडीची जागा रिकामी होती. आमोदराव वेताच्या खुर्चीत बसले, सौरभ उभाच राहिला. मंदाकिनीबाई दारात होत्या.

"मला सात वाजता कॉल आहे," आमोदराव म्हणाले.

"मग थोडक्यात सांगते," मैत्री म्हणाली. "चार बोल्ट सैल, चार नट पक्के. विसरणारा माणूस असा विसरत नाही. बरोबर तेच चार बोल्ट सैल होते, जे गाडी हवेत असताना आवळायचे नसतात. म्हणजे नियम माहीत असलेल्या माणसाने ते नंतरसाठी ठेवले होते. रामदास तुपेंनाही नियम माहीत आहे. पण त्यांच्याकडे खड्डा आहे. चाकं जमिनीवर आणि स्वतः खाली उभं राहून ते आवळू शकतात, आणि त्यांनी आवळलेही. दात्यांचे नवे ठसे पत्र्यात आहेत. तेव्हा प्रश्न एवढाच उरला. नियम कोणाला माहीत आहे, आणि खड्डा कोणाकडे नाही?"

फौजदारांनी पोर्चच्या गुळगुळीत फरशीकडे पाहिलं.

"शुक्रवारी तुम्ही दोघांनी इथे व्हिडिओ काढलात. मिस्त्रीने आधीच घातलेले नवे पार्ट काढायचे, पुन्हा घालायचे, आणि ऐंशी हजार लोकांना दाखवायचं की आम्ही घरीच केलं. चार बोल्ट पुस्तकात लिहिलंय तसे हाताने लावलेत. गाडी खाली घेतलीत. मग कळलं की हात आत जात नाही. रामदासला फोन केला असता तर अर्ध्या तासात काम झालं असतं. पण मग व्हिडिओचं काय? म्हणून सोडून दिलंत."

"हे सगळं इमॅजिनेशन आहे," आमोदराव म्हणाले. "सौरभ, सांग ना."

सौरभने त्यांच्याकडे पाहिलं, मग फौजदारांच्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं. त्या दोहोंत त्याने निवड करायला फार वेळ लावला नाही. "व्हिडिओ आहे माझ्याकडे, सर."

"अजून आहे? डिलीट नाही केलात?" मैत्रीलाही हे नवीन होतं.

"लायटिंग खूप छान आलं होतं," तो पुटपुटला.

माणूस मेला होता आणि याने लायटिंगसाठी पुरावा जपून ठेवला होता. मैत्रीने पुष्कळ चोर पाहिले होते, खोटारडे पाहिले होते. त्या सगळ्यांना निदान आपण काय केलं ते कळत होतं. या पोराला तेही कळत नव्हतं. 

"आणि शनिवारी मी सरांना मेसेज केला होता," सौरभ घाईघाईने सांगत सुटला. "बोल्ट फायनल टाइट नाहीत, सोमवारी रॅम्पवर करू, तोपर्यंत गाडी काढू नका. हा बघा. मी तर वॉर्न केलं होतं!"

"मी तो मेसेज वाचलाच नाही," आमोदराव ताडकन म्हणाले. "शनिवारी मला मायग्रेन होता. मला काही माहीत असतं तर मी गाडी काढूच दिली नसती. मी काय राक्षस आहे का? उलट मी बद्रीला बजावून सांगितलं होतं, घाटात चाळीसच्या वर जाऊ नकोस, वळणावर एकदम हळू घे. विचारा हवं तर..."

 ज्याला विचारायचं तो मेला होता.

मैत्रीने अगदी साधेपणाने विचारलं, "ताशी अडीचशेची गाडी. नुकती दुरुस्त होऊन आलेली. चाळीसच्या वर का जायचं नव्हतं, आमोदराव?"

आमोदराव खुर्चीच्या हातावरचा सुटलेला वेत खुडू लागले.  गाडी धोक्याची आहे हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी स्वतः ती चालवली नाही. पण गाडी मीटला दिसायला तर हवी होती. तेव्हा नऊ वर्षांत ज्याला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, त्याच्या हातात त्यांनी किल्ली दिली. आणि बद्रीनाथ बिचारा त्या सकाळी खुशीत गेला असेल.

मंदाकिनीबाई दारातून पुढे आल्या. त्यांनी मुलाकडे एकदाच पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"फौजदारसाहेब, चहा विचारत नाही. याला घेऊन निघा. सातचा कॉल मी घेते आणि तो कुठे आहे ते सांगते."

७

गुरुवारी सकाळी मैत्री हडपसरला गेली. सही केलेला अहवाल तिच्या पर्समध्ये होता. रामदास टायरवरच बसलेला होता, दाढी वाढलेली.

"चारही बोल्ट तुम्ही आवळले होते," ती म्हणाली. "पक्के. पत्र्यात ठसे आहेत, मी स्वतः पाहिलेत. ते शुक्रवारी दुसऱ्यांनी उघडले. कोणी ते पोलिसांना कळलंय. तुमचा हात चुकलेला नाही."

तिला वाटलं होतं, तो हात जोडेल, देवाचं नाव घेईल. तसं झालं असतं तर ती लगेच निघून गेली असती. रामदासने त्याऐवजी विचारलं.

"नक्की, ताई? मला बरं वाटावं म्हनून न्हाई ना सांगत?"

"लोकांना बरं वाटावं म्हणून मी आजवर काही सांगितलेलं नाही. ओळखीत कोणालाही विचारा."

रामदास उठला. उभं राहिल्यावर तो केवढा थोरला माणूस होता ते तिला दिसलं. त्याने कोपऱ्यातल्या नळावर तोंड धुतलं, खुंटीवरचा सदरा घातला, बटणं चुकवली आणि पुन्हा लावली.

"आज दहावाय त्याचा," तो म्हणाला. "नदीवर घाटाला. मी जानार नव्हतो. तिरडीलाबी गेलो न्हाई. कोनत्या तोंडानं जायचं, ज्याला आपुनच मारला त्याच्याकडं? म्हनून हितंच बसून व्हतो. आता जाऊ शकतो ना मी?"

मैत्रीने पर्समधून गाडीची किल्ली काढली. "बसा गाडीत," ती म्हणाली. "माझ्या गाडीचे बोल्ट तपासायचे असतील तर आधी तपासा."

घाटावर पंधरावीस माणसं होती. विधी संपत आले होते. रामदास पायऱ्यांच्या वरच थांबला, खाली उतरायचा धीर होईना. बद्रीनाथची बायको सुंदराबाई पांढऱ्या लुगड्यात बायकांच्या घोळक्यात बसलेली होती. तिने वर पाहिलं. ती उठली आणि एकेक पायरी चढत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मैत्री मागे सरकली. पोलिसांकडून या बाईला अजून काहीच कळलेलं नव्हतं. तिच्या कानावर असलेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे रामदासने बोल्ट सैल ठेवला आणि तिचा नवरा गेला.

"वहिनी, त्यो बोल्ट..." रामदासने सुरुवात केली.

"कसला बोल्ट?" सुंदराबाई म्हणाली. "दहा दिस झालं, भावजी. रोज वाट बघतीया. त्यांचा एकच तर दोस्त, आन् त्योच आला न्हाई. आत्ता आलात व्हय?"

रामदास तिथेच पायरीवर बसला आणि दहा दिवसांनी पहिल्यांदा बद्रीनाथसाठी मोठ्याने रडला.